दोऱ्याच्या दुकानात शिरलेली अनघा

आप्पांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. आप्पा म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, अनघाचे सासरे. ते आपण होऊन कधी कुणाला फोन करत नाहीत, त्यामुळे पडद्यावर त्यांचं नाव पाहून मला जरा गंमतच वाटली. "सुजाता, अनघा गेली गो," ते म्हणाले. मी एका हाताने बूट चढवत होते. "कुठे गेली एवढ्या सकाळी? तानिमुरा-सानच्या दुकानात?" मी विचारलं. तेवढ्यात तिच्या नवऱ्याने, श्रीकांतने, त्यांच्या हातातून फोन घेतला.

सकाळी चहा ठेवायला म्हणून ती उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. रुग्णवाहिका आली, पण तोवर सगळं संपलं होतं. नुकती कुठे पन्नाशी ओलांडली होती तिने. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अनघा गेली म्हणजे कुठेतरी गेली, कुणाकडे तरी गेली, आणि येताना हातात काहीतरी घेऊन येणार, एवढंच मला इतकी वर्षं माहीत होतं. त्यामुळे तो माझा प्रश्न मला अजूनही तसा चुकीचा वाटत नाही.

जपानमध्ये कावासाकीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ती तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. श्रीकांत एका कंपनीच्या करारावर पुण्याहून आला होता, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि मग इतरांसारखा इथेच राहिला. मी भाषांतराचं काम करते, त्यांच्या आधीपासून इथे होते. आमची ओळख झाली ती कचरा ठेवायच्या जागी. ही बाई हातात कुकरची शिट्टी घेऊन हवालदिल होऊन उभी होती. शिट्टीचा वरचा भाग धातूचा, आतला रबराचा, आणि समोर भिंतीवर जपानीत लावलेलं भलंमोठं वेळापत्रक. "अहो, ही जळणाऱ्या कचऱ्यात जाते की न जळणाऱ्यात?" तिने माझ्या कपाळावरची टिकली पाहून थेट मराठीतच विचारलं. मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी ती शिट्टी परत तिच्या घरी नेली, तिने चहा केला, आणि त्या दिवसापासून 'अहो'चं 'अगं' झालं.

पुढे तिला काठ्या बांधायचं जे वेड लागलं, ते सुरू झालं एका पैठणीमुळे. इथल्या मराठी मंडळींचा गणपती जवळ आला होता आणि अनघाच्या पैठणीच्या पदराचे गोंडे उसवले होते. अनघा ठाण्याची, भरतकाम-विणकामात लहानपणापासून हात चांगला. तिला हवा होता तसाच मोरपंखी रेशमी दोरा. स्टेशनापलीकडच्या गल्लीत एका जुन्या दुकानाच्या काचेमागे रंगीबेरंगी दोऱ्यांची रिळं ओळीने मांडलेली तिला दिसली, आणि ही पिशवीत पैठणी घेऊन आत शिरली. आत पाहते तो भिंतीभर मासे धरायच्या काठ्या! ते दुकान गळ, दोर आणि काठ्यांचं होतं. दुकानाचे मालक तानिमुरा-सान, साठी उलटलेले, बोलायला अगदी मोजके. दुसरं कुणी असतं तर ओशाळून मागे फिरलं असतं. अनघाने काउंटरवर पैठणी पसरली आणि बोटाने मोर दाखवला. तानिमुरा-सान चष्मा लावून बराच वेळ त्या मोराकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीवरची एक काठी काढून तिच्यापुढे ठेवली. काठीवर ज्या धातूच्या कड्यांतून दोर जातो, त्या कड्या काठीला बांधलेल्या होत्या दोऱ्यानेच, एकाला एक चिकटून घातलेले शेकडो वेढे, आणि वर काचेसारखा लेप.

दुसऱ्या दिवशी तिने मला दुभाष्या म्हणून ओढत नेलं. "सुजाता, त्यांना विचार, दोऱ्याचं शेवटचं टोक कुठे जातं? मी घरी जाऊन रात्रभर विचार केला. गाठ दिसत नाही गं कुठे!" मी विचारलं. तानिमुरा-सान काही न बोलता एक मोडकी काठी घेऊन बसले. वेढे घालता घालता त्यांनी मधेच दोऱ्याचा एक छोटा फास वेढ्यांखाली ठेवला, शेवटी टोक त्या फासात ओवलं आणि फास ओढला. टोक वेढ्यांखाली गडप! अनघाने टाळ्या वाजवल्या, अगदी जादूचे प्रयोग बघणाऱ्या मुलीसारख्या. तानिमुरा-सान हसले. मग ती मोडकी काठी त्यांनी तिला देऊन टाकली. त्या वर्षी पैठणीचे गोंडे तसेच राहिले. गणपतीला ती साधी कॉटनची साडी नेसून आली आणि आरतीनंतर मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "माझं टोक गडप झालं!"

तिने स्वतः पूर्ण केलेली पहिली काठी मी पाहिली आहे. हिरव्या दोऱ्याला पिवळी किनार, मधे तांबड्या दोऱ्याची नक्षी, खणासारखी. तिने मोठ्या हौसेने वर लेप दिला, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो हिरवा काळवंडला, पिवळा तर नाहीसाच झाला, खालची काळी काठी दिसायला लागली. तो दोरा लेप प्यायला की रंग बदलतो, आधी त्याला रंग राखणारं एक पातळ द्रव लावावं लागतं, हे तिला कळलंच नव्हतं. मला वाटलं आता रडते. ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. "माझी साडी विटली गं!" म्हणाली.

मग ते घरच बदललं. जेवणाच्या टेबलावर काठ्यांचा मुक्काम पडला आणि घरातली माणसं खाली सतरंजीवर जेवायला लागली. लेप सुकेपर्यंत काठी सतत फिरती ठेवावी लागते, नाहीतर तो एका बाजूला ओघळतो. त्यासाठी तिने एक छोटी मोटर आणली होती. शेगडीवर कणीस फिरवावं तशी काठी त्या मोटरवर संथपणे फिरत राहायची. त्या दिवशी घरात फोडणी बंद, पंखा बंद, चादर झटकणं बंद, कारण धुळीचा एक कण लेपावर बसला की सगळं वाया. श्रीकांत घरून काम करायचा त्या दिवसांत मीटिंगमध्ये त्याच्या मागे ती काठी फिरत असायची. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी एकदा फार अदबीने विचारलं म्हणे, "श्रीकांत-सान, आज जेवायला काय आहे?"

आणि एवढं करून ही बाई स्वतः मासे धरायला कधी बसली नाही. एकदा तानिमुरा-सान तिला आग्रहाने घेऊन गेले होते. अर्ध्या तासात तिला कंटाळा आला आणि शेजारच्या माणसाच्या काठीची सैल झालेली बांधणी तिने तिथेच बसून उसवून पुन्हा बांधून दिली. "मला मासा कढईत भेटलेला आवडतो," ती म्हणायची. दुकानातून लोक तिच्याकडे यायला लागले, कुणाला बापाची जुनी काठी पुन्हा उभी करून हवी, कुणाला आपल्या नावाची नक्षी हवी. ती पैसे घ्यायची नाही. "या काठीचा पहिला मासा माझा," एवढीच अट, तीही मोडक्यातोडक्या जपानीत. आणि इथली माणसं अट म्हणजे अट मानणारी! थर्मोकोलच्या खोक्यात बर्फावर झोपवलेले मासे तिच्या दारात यायला लागले. फ्रीजरमध्ये आइस्क्रीमला जागा उरली नाही, म्हणून तिची मुलगी मीरा रुसून बसायची. एखाद्या शनिवारी माझी बेल वाजायची आणि दारात अनघा, हातात मासा. "हा घे. याचं नाव मला माहीत नाही, पण चेहरा चांगला आहे."

आप्पा जपानला आले ते अनघाच्या सासूबाई गेल्यावर. गुहागरजवळच्या एका गावात त्यांनी जन्मभर शाळेत शिकवलं होतं, आणि संध्याकाळी शाळा सुटली की ते खाडीवर गरवायला जायचे. गरी म्हणजे गळ, आणि गळ टाकून मासे धरायला तिकडे गरवणं म्हणतात. आता हात थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीवर वाजायचा, म्हणून त्यांनी दुसऱ्यांसमोर चहा पिणंच सोडलं होतं. इथे आल्यावर ते खिडकीशी बसायचे, बोलायचे नाहीत. नातीशी बोलावं तर ती जपानीतून उत्तर द्यायची. "मला घरी पाठव," एवढं एकच वाक्य ते श्रीकांतला पुन्हा पुन्हा म्हणत. श्रीकांत म्हणायचा, तिथे एकटे कसे राहाल? "एकटा कुठे? खाडी आहे." मग श्रीकांतचा आवाज चढायचा, आप्पा पुन्हा खिडकीकडे वळायचे, आणि मीरा हेडफोन लावून आपल्या खोलीत जायची.

अनघाने ठरवलं, आप्पांसाठी काठी बनवायची. आपल्याला जमतील तेवढ्या सगळ्या युक्त्या तिने त्या काठीत घातल्या. बुचाची जाड मूठ, वजनाचा तोल मागे, दोर गुंडाळायचं उत्तम रील, आणि हात थरथरला तरी काठी निसटू नये म्हणून मनगटाला बांधायचा पट्टा. आप्पांच्या वाढदिवसाला ती काठी तिने त्यांच्या हातात दिली. मी तिथे होते. आप्पांनी काठी वरून खाली पाहिली, पट्टा पाहिला, रीलच्या चिमुकल्या मुठीवर बोटं ठेवायचा प्रयत्न केला. बोटं थरथरली, सटकली. "माझ्या हाताला दावं बांधतेस?" एवढंच ते म्हणाले, आणि काठी भिंतीला टेकवून आत गेले.

अनघा त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, "काठी चांगलीच झालीय गं. माणसाला विचारायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. "आप्पा, तुम्ही तिकडे काठी कशी धरायचात? मला दाखवा." आप्पा म्हणाले, जाऊ दे. तिने पिच्छा सोडला नाही. शेवटी वैतागून ते उठले, बाल्कनीत गेले आणि कपडे वाळत घालायचा लांब बांबू आकड्यांवरून काढून घेतला, मोजे, टॉवेल, सगळ्यांसकट. बांबूचं मागचं टोक त्यांनी काखेखाली, कोपराच्या आत दाबलं, कंबरेला टेकवलं, आणि हात नुसता पुढे ठेवला. "अशी. हाताने धरतच नाही कुणी. अंगाने धरायची. आणि ते तुझं चक्र कशाला? बांबू, दोर, गरी, संपलं!" अनघा मला नंतर सांगत होती, त्या काठीवर श्रीकांतचे मोजे लटकत होते आणि आप्पा चाळीस वर्षांपूर्वीचे मास्तर दिसत होते. माप घ्यायची टेप शोधायलाही ती थांबली नाही. टेबलावरचा दोरा घेतला आणि त्यांच्या काखेपासून मुठीपर्यंत धरून तोडला.

तानिमुरा-सान ऐकून म्हणाले, मग यात अवघड काय, इथेही नदीच्या मुखाशी हाझे धरायला बिनरीलचीच काठी नेतात. हाझे म्हणजे चिखलातला बोटाएवढा मासा, आपल्याकडच्या निवट्यांचा चुलतभाऊ. त्यांनी एक हलकी, लांब काठी काढून दिली. अनघाने तिला मागे काखेपर्यंत पोचणारी मूठ बसवली. दोरा कुठल्या रंगाचा, हे या वेळी आधी विचारलं. "हळदीचा पिवळा," आप्पा म्हणाले. "गवतात ठेवली तर दिसली पाहिजे. डोळे अधू झालेत." पिवळा म्हणजे सगळ्यांत दगाबाज रंग. एकदा फिका पडला, तिने उसवला. पुन्हा बांधला, पुन्हा उसवला. आणि या उसवाउसवीत आप्पा खिडकी सोडून टेबलाशी येऊन बसायला लागले. आधी नुसते बघत. मग मास्तर जागे झाले. "इथे दोरा विरळ झालाय." "हा वेढा वाकडा." लेपात हवेचे बुडबुडे धरतात, ते शोधायचं काम तिने त्यांना दिलं. मोटरवर काठी फिरत असे आणि दोघं शेजारी बसून बोलत. खाडीबद्दल, भरतीच्या वेळांबद्दल, सासूबाई मासे निवडताना आप्पांवर कशा करवादायच्या त्याबद्दल... श्रीकांत एकदा मला म्हणाला, "आई गेल्यापासून आप्पा तिच्याबद्दल बोलले नव्हते. माझ्याशी तर अजूनही नाही. अनघाशी बोलतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकतो."

शरद ऋतूतल्या एका रविवारी आम्ही सगळे तामा नदीच्या मुखाशी गेलो. ओहोटी लागली होती, पलीकडच्या विमानतळावर विमानं उतरत होती, काठाने छोट्या घडीच्या खुर्च्यांवर म्हातारे जपानी ओळीने बसले होते. आप्पा त्या ओळीत जाऊन बसले. काखेत काठी दाबली. थरथर पूर्ण थांबली नव्हती, पण आता ती काठीतून, दोरातून, पार गरीच्या टोकापर्यंत उतरत होती. अनघा पाठ फिरवून उभी होती, तिला बघवत नव्हतं. आणि एकदम आप्पांचा आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा, "अनघा! पिशवी आण!"

त्यानंतर मासे लागतच राहिले. शेजारच्या म्हाताऱ्याला तासाभरात फार काही मिळालं नव्हतं. तो उठून आला, आप्पांच्या हाताकडे बारकाईने बघत राहिला आणि मला म्हणाला, हे आमिष असं बारीक हलवत ठेवायचं तंत्र कुठलं, त्यांना विचाराल का? मी आप्पांना सांगितलं. आप्पांनी आपल्या थरथरत्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत मिश्कील काहीतरी चमकलं. "सांग त्यांना, ह्याला वय लागतं." मी भाषांतर केलं. दोघे म्हातारे इतके हसले की बाकीच्या ओळीने वळून पाहिलं. घरी येऊन अनघाने ते मासे तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून कुरकुरीत तळले. आप्पांनी त्या दिवशी आमच्यासमोर चहा घेतला. कप बशीवर वाजला, कुणी लक्ष दिलं नाही.

'मला घरी पाठव' हे वाक्य त्यानंतर हळूहळू बंद झालं. आप्पांची नदीवर टोळी जमली. त्यांना जपानी येत नव्हतं, इतरांना मराठी येत नव्हतं, पण मासे लागतात की नाही एवढंच बोलायचं असेल तर भाषा फारशी लागत नाही. मीरा त्यांच्यासोबत जाऊ लागली, आधी आईच्या धाकाने आणि मग आपणहून.

अनघा गेल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी तिच्या दाराशी थर्मोकोलचं खोकं आलं. तिने काही महिन्यांपूर्वी काठी दुरुस्त करून दिलेला एक बसचालक होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. पहिला मासा घेऊन तो हसतमुखाने दारात उभा. श्रीकांतने दार उघडलं आणि खोकं पाहून तो बाजूला झाला. मी पुढे होऊन सांगितलं. तो माणूस खोकं हातात धरून कितीतरी वेळ वाकून उभा राहिला, मग खोकं परत न्यावं की ठेवावं हे त्याला कळेना. सुतक चालू होतं, घरात मासे शिजायचा प्रश्नच नव्हता. आतून आप्पा आले. "ठेवून घ्या," ते म्हणाले. "तिची मजुरी आहे ती. परत नाही पाठवायची." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुजाता, आजच कर. सुतकाचं काय ते मी बघून घेईन." मी कालवण केलं. मीठ जरा जास्त पडलं होतं. सगळे निमूटपणे जेवले, आणि जेवताना अनघाच्या विटलेल्या साडीची गोष्ट मी पुन्हा सांगितली. त्या घरात तिच्यामागे पहिल्यांदा हसू फुटलं ते तेव्हा.

श्रीकांतने मध्यंतरी आप्पांना विचारलं, तुम्हाला आता गावी जायचंय का? चुलतभाऊ तयार आहेत सांभाळायला, इथे दिवसभर तुम्ही एकटे पडाल. मी तिथेच होते. आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू वर्गातला एखादा हुशार मुलगा सोपं गणित चुकला. "हाझेचा मोसम यायचाय अजून," ते म्हणाले. "आणि मी गेलो तर तुम्हा दोघांना नदीवर कोण नेणार?"

गेल्या रविवारी आम्ही गेलो. मोसम आत्ता कुठे सुरू होतोय, मासे लहान आहेत, धरून सोडून द्यावेत असे. श्रीकांत पहिल्यांदाच काठी घेऊन बसला आणि पहिल्याच फेकीत त्याने दोर मीराच्या टोपीत अडकवला. आप्पा आपल्या जागी. काठावर एक नवीन माणूस आला होता, चाळिशीचा असेल. तो आप्पांच्या काठीपाशी थबकला, खाली बसून त्याने ते पिवळे वेढे बघितले, बोट लावू का असं खुणेने विचारून लावूनही पाहिलं. फार सुंदर काम आहे, कुठे विकत घेतलीत, त्याने विचारलं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पाच बोलले. एवढ्या वर्षांत जमवलेल्या थोड्याशा जपानी शब्दांतून त्यांनी एक निवडला आणि काठीवर बोट ठेवून म्हणाले, "मुसुमे."

मीरा त्यांच्या कानाशी वाकली आणि मराठीत म्हणाली, "आप्पा, सुनेला योमे म्हणतात. मुसुमे म्हणजे मुलगी."

"माहीत आहे मला," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी गरी पुन्हा पाण्यात टाकली.